चार धन्यांचे नगर आणि एका मित्राचा मृत्यू

घरी झालेला मृत्यू आणि परदेशातून कळलेला मृत्यू ह्यांत एक मोठा भेद असतो. घरी माणूस गेला म्हणजे त्याच्या उशाशी कोण बसले होते, शेवटचे पाणी कोणी पाजले, डॉक्टर केव्हा आले आणि काय म्हणाले, हे सारे दहा तोंडांनी आपल्या कानी येते. त्या दहा हकीगतींत पुरता मेळ नसला तरी त्या सर्वांतून मिळून एक सत्य आकारास येते आणि मन हळूहळू त्याचा स्वीकार करते. परक्या मुलखातील मृत्यू मात्र एका ओळीच्या तारेने अथवा एका सरकारी कागदाने दारी येतो. 'अपघात' एवढा एकच शब्द त्यावर असतो. त्या शब्दापलीकडे पाहण्यास आपण तेथे नसतो. भाषा परकी, साक्षीदार अनोळखी, आणि शोध घ्यावा म्हटले तर कोणाच्या दारी उभे राहावे हेही ठाऊक नसते.

अशाच एका मृत्यूच्या शोधाची कथा १९४९ साली पडद्यावर आली आणि पुढच्याच वर्षी पुस्तकरूपाने छापली गेली. ग्रॅहम ग्रीन ह्या आंग्ल कादंबरीकारांनी ती लिहिली आणि कॅरल रीड ह्या दिग्दर्शकांनी तिचा बोलपट केला. तिचे नाव 'द थर्ड मॅन', म्हणजे 'तिसरा माणूस'. गुन्हेकथांचे शौकीन ती रहस्यकथा म्हणून वाचतात. बोलपटांचे रसिक तीतील छायाप्रकाशाची आणि अँटन कारास ह्यांनी वाजविलेल्या झिथर ह्या तंतुवाद्याची वाखाणणी करतात. आज मी तिच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने, इतिहासाचा एक कागद म्हणून पाहणार आहे. ही कथा जितकी माणसांची आहे तितकीच ती एका नगराची आणि एका औषधाची आहे, असे माझे मत आहे. ओघात कथेचा शेवटही सांगावा लागेल. ज्यांनी ती अद्याप पाहिली अथवा वाचली नसेल त्यांची आधीच क्षमा मागतो.

प्रथम त्या नगराविषयी. व्हिएन्ना हे एके काळी हॅप्सबर्ग सम्राटांच्या विस्तीर्ण साम्राज्याचे मुख्य शहर होते. १९१८ साली ते साम्राज्य मोडले आणि एका लहानशा देशाच्या वाट्याला ही अवाढव्य राजधानी आली. १९३८ च्या मार्च महिन्यात हिटलरने तो देश गिळंकृत केला. पुढे महायुद्ध फिरले. १९४५ च्या मार्चमध्ये बाँबवर्षावात व्हिएन्नाचे जगप्रसिद्ध संगीतनाट्यगृह जळाले. एप्रिलमध्ये रशियन सेनेने लढून शहर घेतले आणि त्याच धामधुमीत संत स्टीफनच्या प्राचीन मंदिराचे छप्पर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. ज्या शहराचे नाव घेताच जगाला नृत्याची आणि वाद्यवृंदाची आठवण होई, तेथे आता विटांचे ढीग, फुटक्या खिडक्या आणि शिध्याच्या रांगा एवढेच दृष्टीस पडू लागले. १९४५ साली काही काळ नागरिकाला मिळणारा शिधा दिवसाला सुमारे ८०० उष्मांकांचा होता. तेवढ्यावर धडधाकट माणूस अंथरुणावर पडून राहिला तरी झिजत जातो.

विजेत्यांनी मग शहराची वाटणी केली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशिया ह्या चौघांनी आपापले विभाग आखून घेतले. मधला जुना गाभा तेवढा सामाईक ठेवला. त्याचा अधिकार दरमहा एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जाई. तेथे गस्त घालण्यासाठी एकाच जीप गाडीत चार राष्ट्रांचे चार लष्करी पोलीस बसत. चौघांच्या भाषा भिन्न, गणवेष भिन्न आणि जसजसे दिवस जात होते तसतशी त्यांच्या सरकारांची मनेही भिन्न होत चालली होती. त्या चौघांना चालविता येणारी गाडी एकच होती, ह्याचे त्या काळी लोकांना मोठे कौतुक वाटे. परंतु त्या कौतुकामागे एक गोष्ट लपली होती. चार धन्यांच्या घरात चोराला नेहमीच एक खोली मोकळी सापडते. एका विभागात गुन्हा करावा आणि रस्ता ओलांडून दुसऱ्या विभागात जावे. पहिल्या विभागाचा पोलीस तेथवर येऊ शकत नाही आणि दुसऱ्याला त्या गुन्ह्याशी कर्तव्य नसते. मनुष्याच्या हालचालींना पासांचे आणि परवान्यांचे बंधन होते. पण ते बंधन प्रामाणिक माणसाला जितके जाचे तितके लबाडाला जाचत नसे, कारण खोटे कागद करून देणारेही त्याच शहरात होते.

शिधा अपुरा, चलनावर विश्वास नाही आणि कायदा चार तुकड्यांत फाटलेला. अशा ठिकाणी काळाबाजार उभा राहिला नाही तरच नवल. व्हिएन्नातील रेसेल बाग ह्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध झाली होती. सिगारेटी हेच जणू नाणे झाले होते. घराण्यातले चांदीचे चमचे, आजीचा फर, मुलाचे बूट ह्यांच्या बदल्यात लोणी, कोळसा, चरबी ह्यांची देवघेव चाले. सज्जन माणसेही त्यांत होती. किंबहुना ज्याने त्या दिवसांत काळ्या बाजारात एकदाही पाऊल टाकले नाही असा व्हिएन्नाकर शोधूनच काढावा लागला असता. ही गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. ज्या समाजात थोडा गुन्हा प्रत्येकालाच करावा लागतो, तेथे मोठा गुन्हेगार गर्दीत सहज मिसळून जातो आणि 'सारेच करतात' ही ढाल त्याच्या हाती आयतीच येते.

अशा शहरात १९४८ च्या फेब्रुवारीत ग्रॅहम ग्रीन आले. अलेक्झांडर कोर्डा ह्या हंगेरीत जन्मलेल्या चित्रपटनिर्मात्याला चार सत्तांच्या ताब्यातील व्हिएन्नावर एक बोलपट हवा होता. ग्रीन ह्यांच्यापाशी कथा नव्हती. होते ते एका पाकिटावर पूर्वी केव्हातरी केलेले दोन ओळींचे टिपण. ज्या मित्राच्या दफनाला आपण हजर होतो तोच मित्र काही दिवसांनी लंडनच्या रस्त्यावर चालताना दिसला, एवढीच ती कल्पना. तो जिवंत कसा आणि लपला का, ह्याचे उत्तर लेखकालाही ठाऊक नव्हते. ते उत्तर व्हिएन्नाने दिले. परतीचा दिवस जवळ आला असता एका तरुण ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्याने भोजनाच्या वेळी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, ह्या शहराच्या पोटात भुयारी गटारांचे प्रचंड जाळे आहे, त्याला चार सत्तांच्या सीमा ठाऊक नाहीत आणि तेथे गस्त घालण्यासाठी निराळे पोलीस नेमावे लागतात. दुसरी, लष्करी रुग्णालयांतून पेनिसिलीन चोरून विकणाऱ्या टोळ्यांची. वर चार धन्यांचे विभागलेले नगर, खाली अखंड काळोखी नगर आणि दोहोंमधून फिरणारी औषधाची एक कुपी. कथेचा सांगाडा उभा राहिला.

आता कथा. मार्टिन्स हा स्वस्तातल्या साहसकथा लिहून पोट भरणारा लेखक. त्याचा शाळेपासूनचा मित्र हॅरी लाइम त्याला व्हिएन्नाला बोलावून घेतो. मार्टिन्स पोहोचतो तो हॅरीच्या दफनाच्या दिवशी. घरासमोर रस्ता ओलांडताना मोटारीखाली सापडून हॅरी मेला, असे त्याला कळते. स्मशानभूमीवर त्याला कॅलोवे नावाचा ब्रिटिश लष्करी पोलीस अधिकारी भेटतो आणि हॅरी हा शहरातील अत्यंत नीच अशा काळाबाजारवाल्यांपैकी एक होता, असे रोखठोक सांगतो. मार्टिन्सचे रक्त उसळते. मेलेल्या माणसावर कोणताही आळ घालणे सोपे, असे त्याला वाटते आणि मित्राचे नाव धुऊन काढण्याचा तो निश्चय करतो.

ह्यानंतरचा तपास मोठा शिकण्यासारखा आहे. मार्टिन्स काही गुप्त पोलीस नव्हे. त्याच्यापाशी अधिकार नाही, भाषा नाही, पैसाही फारसा नाही. आहे ती केवळ हट्टी मैत्री. तो साक्षीदारांना एकेक प्रश्न विचारीत जातो आणि त्यांच्या उत्तरांतील विसंगती आपोआप वर येते. हॅरीचा एक परिचित म्हणतो, मरताना हॅरीने तुझी आठवण काढली. इमारतीचा राखणदार म्हणतो, तो जागच्या जागी गतप्राण झाला. अपघाताच्या वेळी जवळ असलेले दोघेही हॅरीच्याच ओळखीचे. मोटार हाकणारा त्याचाच माणूस. धावून आलेला डॉक्टरही त्याचाच. रस्त्यावर सहज घडलेल्या अपघातात एकही परका माणूस असू नये, हे कसे? आणि प्रेत उचलून नेणारे दोघे होते असे सारे सांगत असता राखणदाराने खिडकीतून तिघे पाहिले. तो तिसरा माणूस कोण? हा प्रश्न विचारला जाताच राखणदाराचा खून होतो. प्रश्नाला जेव्हा खुनाने उत्तर मिळते तेव्हा प्रश्न बरोबर होता हे निराळे सांगावे लागत नाही.

परंतु श्रोतेहो, ह्या तपासातील सर्वांत मोठी चूक मार्टिन्सच्या पहिल्या प्रश्नातच होती. 'माझ्या मित्राला कोणी मारले?' हा त्याचा प्रश्न. कॅलोवे त्याला जो प्रश्न विचारावयास लावू पाहत होता तो निराळाच होता: 'तुझ्या मित्राने कोणाकोणाला मारले?' हा दुसरा प्रश्न समजण्यासाठी आपल्याला क्षणभर कथा बाजूला ठेवून त्या औषधाच्या इतिहासाकडे वळले पाहिजे.

१९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांना एका बुरशीच्या अंगी जंतू मारण्याचा गुण आढळला. त्या गुणाचे औषध होण्यास आणखी बारा-तेरा वर्षे लागली. ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन, हीटली आदी संशोधकांनी तो अर्क शुद्ध केला आणि १९४१ च्या फेब्रुवारीत जखम चिघळून मरणोन्मुख झालेल्या एका पोलीस शिपायाला तो टोचला. चार दिवसांत रोगी सुधारू लागला. पण साठा संपला. औषध इतके दुर्मिळ की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेले पेनिसिलीन पुन्हा शुद्ध करून त्यालाच टोचण्यात आले. तेही संपले आणि १५ मार्च रोजी तो मरण पावला. औषध हरले नव्हते, केवळ अपुरे पडले होते. पुढे अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांतून ही बुरशी वाढविण्याची कृती साधली आणि युद्धाच्या अखेरच्या वर्षांत सैन्याला पुरेल इतके पेनिसिलीन तयार होऊ लागले. सैन्याला; सामान्य नागरिकाला नव्हे.

त्या दिवसांत ते किती अप्राप्य होते ह्याची एक आठवण आपल्या पुण्याशी निगडित आहे. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान महालात कस्तुरबा गांधी अखेरच्या दुखण्याने अंथरुणाला खिळल्या होत्या. पुत्र देवदास ह्यांच्या खटपटीने पेनिसिलीन विमानाने आणविण्यात आले. ते दर काही तासांनी सुईने टोचावे लागते हे कळल्यावर, त्या क्षीण देहाला आणखी क्लेश नकोत म्हणून गांधीजींनी त्याला संमती दिली नाही, आणि २२ फेब्रुवारीस कस्तुरबांचे निधन झाले. त्या निर्णयाविषयी मतभेद झाले, पुढेही होतील. आपल्या विषयापुरते एवढेच की, साऱ्या देशाला वंदनीय असलेल्या स्त्रीसाठीही जे औषध विमानाने आणावे लागले, ते युद्धोत्तर व्हिएन्नातील एखाद्या धोबिणीच्या मुलाला मिळणे किती अवघड असेल ह्याची कल्पना करावी.

हीच निकड हॅरी लाइमने ओळखली होती. बोलपटातील त्याची कार्यपद्धती अशी: लष्करी रुग्णालयातील एका नोकराकडून पेनिसिलीन चोरवावयाचे, ते पाणी घालून वाढवावयाचे आणि रोग्यांच्या आप्तांना, रुग्णालयांना चढ्या भावाने विकावयाचे. साध्या चोरीपर्यंत एक वेळ क्षमा करता आली असती. चोरलेले का होईना, पण खरे औषध कोणाला तरी वाचविते. पातळ केलेले औषध मात्र विश्वासाचाच खून करते. पेनिसिलीन शरीरात फार वेळ टिकत नाही. म्हणून त्या काळी ते रात्रंदिवस दर तीन-चार तासांनी टोचावे लागे आणि दर वेळी मात्रा पुरी असावी लागे. मात्रा अपुरी पडली की दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि तेच वाढतात. मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या बालकाच्या बाबतीत काही तासांचाच प्रश्न असतो. डॉक्टरला वाटते औषध दिले. आईला वाटते औषध मिळाले. आणि मधल्या काळात मूल हातचे जाते, अथवा जगले तर बुद्धीने अधू होऊन जगते. अशा वेळी कोणी खुन्याचा शोधही घेत नाही. दैवाला बोल लावून लोक घरी जातात.

येथे एक विलक्षण योगायोग सांगण्याजोगा आहे. १९४५ च्या डिसेंबरात नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग ह्यांनी जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी ह्याच धोक्याची सूचना एका लहानशा कल्पित गोष्टीच्या रूपाने दिली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने अपुरे पेनिसिलीन घेतो. त्याचे जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. तेच जंतू त्याच्या पत्नीला बाधतात आणि तिला पुरे औषध देऊनही ती दगावते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण? शास्त्रज्ञाने विचारलेला हा प्रश्न रहस्यकथेतल्या प्रश्नासारखाच आहे. फरक एवढाच की फ्लेमिंग ह्यांचा गृहस्थ अज्ञानाने चुकला होता. हॅरी लाइम सर्व जाणून होता.

आता पुन्हा कथेकडे वळू. एका रात्री, समोरच्या दाराच्या काळोखात उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर वरच्या खिडकीतला दिवा पडतो आणि मार्टिन्स पाहतो तो प्रत्यक्ष हॅरी! तिसरा माणूस म्हणजे मृत मनुष्य स्वतःच होता. आपल्याच बनावट प्रेताला खांदा देऊन तो निघून गेला होता. शवपेटी उकरतात तेव्हा आत पेनिसिलीन चोरणाऱ्या त्या रुग्णालयीन नोकराचे शव सापडते. तो पोलिसांना फुटला होता, म्हणून त्याला मारून त्याच्याच देहाने हॅरीने आपला मृत्यू साजरा केला. रशियन विभागात आश्रय, भुयारी गटारांतून ये-जा आणि सरकारी दप्तरात मृत्यूची नोंद. चार धन्यांच्या नगराने एका माणसाला याहून अधिक सुरक्षितता ती काय द्यावी?

मग प्राटर उद्यानातील प्रचंड चक्राचा तो प्रसिद्ध प्रसंग येतो. हे चक्र १८९७ साली उभारलेले, सुमारे ६५ मीटर उंच. १९४४ साली ते जळाले आणि १९४७ मध्ये, पूर्वीच्या तीस डब्यांऐवजी पंधराच डबे घेऊन, पुन्हा फिरू लागले. त्या डब्यात उंचावर गेल्यावर हॅरी आपल्या मित्राला खालची माणसे दाखवितो. एवढ्या उंचीवरून ती ठिपक्यांसारखी दिसतात. त्यांतला एखादा ठिपका कायमचा थांबला तर तुला खरोखर दुःख होईल का, असा त्याचा सवाल आहे. आणि दर ठिपक्यामागे पैसे मिळत असतील तर? मला वाटते, त्या युगाचा सारा इतिहास ह्या एका सवालात आला आहे. विमानातून बाँब टाकणाऱ्यालाही खालची माणसे ठिपक्यांप्रमाणेच दिसत होती. छावण्यांतून माणसांची मोजदाद आकड्यांनीच झाली होती. हॅरी हा कोणी जगावेगळा राक्षस नव्हे. महायुद्धाने राष्ट्रांना जी उंची शिकविली, तीच त्याने आपल्या खासगी धंद्यात उतरविली. आणि तो हसरा आहे, लोभस आहे, जुन्या आठवणी काढून मित्राच्या खांद्यावर हात ठेवणारा आहे. दुष्टपणा कुरूपच असतो ही समजूत ह्या भूमिकेत ऑर्सन वेल्स ह्यांनी साफ मोडून काढली.

मार्टिन्स तरीही डगमगतो. मित्राला पकडून देणे म्हणजे विश्वासघात, असे हॅरीवर प्रेम करणारी अ‍ॅना त्याला बजावते. तीही बिचारी खोट्या कागदांवर राहणारी निर्वासित आहे आणि तिची माहिती हॅरीनेच रशियनांना पुरविली आहे. तरी तिची निष्ठा अढळ आहे. मार्टिन्स शहर सोडून जाण्याच्या बेतात असतो. तेव्हा कॅलोवे त्याला विमानतळाच्या वाटेवर एका बालरुग्णालयात नेतो. हॅरीच्या औषधाने बाधलेली मुले तेथे ठेवलेली आहेत. रीड ह्यांनी येथे जो संयम दाखविला तो थोर आहे: एकाही मुलाचा चेहरा ते आपल्याला दाखवीत नाहीत. आपल्याला दिसतो तो मार्टिन्सचा चेहरा, आणि परिचारिका बाजूला टाकून देते ते एक खेळण्यातले अस्वल. ठिपक्याला पुन्हा माणूस करण्यास एवढे पुरते.

ह्यानंतर तो आमिष होण्यास कबूल होतो. जाहिराती चिकटविण्याच्या गोल खांबातून पोलीस भुयारात उतरतात. वाहत्या पाण्याच्या गर्जनेत, विजेरीच्या झोतांत चार सत्तांचे शिपाई प्रथमच एकदिलाने एकाच माणसामागे धावतात. गटाराच्या लोखंडी जाळीतून वर आलेली हॅरीची बोटे आपण रस्त्यावरून पाहतो. शेवटची गोळी मार्टिन्सच झाडतो. मग त्याच स्मशानभूमीवर त्याच माणसाचे दुसऱ्यांदा, आणि ह्या वेळी खरे, दफन होते. पुस्तकाच्या अखेरीस अ‍ॅना मार्टिन्सबरोबर चालू लागते. रीड ह्यांनी तो शेवट बदलला: बोलपटात ती लांबलचक रस्त्यावरून येते आणि त्याच्याकडे न पाहता निघून जाते. ग्रीन ह्यांनी प्रथम विरोध केला आणि नंतर रीडच बरोबर होते अशी मोकळेपणाने कबुली दिली. सत्याचा शोध घेणाऱ्याला बक्षीस मिळतेच असे नाही, हे व्हिएन्नाच्या त्या ओसाड रस्त्याला लेखकापेक्षा अधिक ठाऊक होते.

येथे कथा संपते. परंतु इतिहास तिच्यापुढे एक विचित्र पान जोडतो. महायुद्धात ग्रीन हे ब्रिटिश गुप्तहेर खात्यात होते आणि तेथे त्यांचे वरिष्ठ होते किम फिल्बी. हे फिल्बी १९३३ साली केंब्रिजमधून निघून व्हिएन्नाला गेले होते. १९३४ च्या फेब्रुवारीतील यादवीत पराभूत झालेले समाजवादी तेथील गटारांत लपले असता त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी धडपड केली होती. पुढे हेच फिल्बी ब्रिटिश खात्यात उच्चपदी राहून अनेक वर्षे रशियाची हेरगिरी करीत होते आणि १९६३ च्या जानेवारीत ते मॉस्कोला पळून गेले. हॅरी लाइम त्यांच्यावरून बेतला असावा, असा तर्क अनेकांनी केला आहे. तो तर्कच म्हणावा लागेल. निश्चित आहे ते एवढे की, ज्या लेखकाने आपल्या नायकाकडून मित्रावर गोळी झाडविली, त्याने स्वतःच्या मित्राला मात्र टाकले नाही. १९६८ साली फिल्बींच्या आत्मवृत्ताला ग्रीन ह्यांनी प्रस्तावना लिहिली आणि वृद्धपणी मॉस्कोला जाऊन त्यांची भेटही घेतली. फिल्बींच्या फितुरीने जी माणसे पकडली गेली व मारली गेली, त्यांची बालरुग्णालयासारखी एखादी खोली ग्रीन ह्यांना कोणी दाखविली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. कथेत जे जमते ते आयुष्यात जमतेच असे नाही. आणि म्हणूनच कदाचित कथा लिहाव्या लागतात.

व्हिएन्नाचे चार धनी दहा वर्षे राहिले. १५ मे १९५५ रोजी बेल्व्हेडेर राजवाड्यात तह झाला, त्याच वर्षी परकी सैन्ये निघून गेली आणि नोव्हेंबरात जळालेले संगीतनाट्यगृह पुन्हा उघडले. पेनिसिलीनही दुर्मिळ राहिले नाही. १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरी येथे सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढील वर्षी तेथून ते बाहेर पडू लागले. ज्या शहरातल्या कैदखान्यात ते विमानाने आणावे लागले होते, त्याच्या वेशीशी ते अकरा वर्षांत तयार होऊ लागले, ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण औषध मुबलक झाले म्हणजे हॅरी लाइम नाहीसा होतो, असे समजू नये. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रोगी दगावले. त्यांना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे विषारी द्रव्य मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने चौकशी केली, तेव्हा खरेदीपासून तपासणीपर्यंत आणि कचेरीपासून मंत्रालयापर्यंत कोठे कोठे डोळेझाक झाली हे उजेडात आले. तेथे गटारे नव्हती, गोळीबार नव्हता, काळोख नव्हता. होत्या त्या फायली, निविदा आणि सह्या. प्रत्येक सही करणारा आपापल्या उंचीवर बसला होता आणि रोगी त्याला ठिपक्याएवढाच दिसत होता.

आपल्याकडे म्हण आहे, मेल्या म्हशीला मणभर दूध. गेलेल्या माणसाचे गुणच गुण आठवावेत ही माणसाची सहज प्रवृत्ती आहे आणि तिच्यात वाईट काही नाही. मार्टिन्सही त्याच प्रवृत्तीने आपल्या मित्राचा शोध घेण्यास निघाला होता. त्याचा मोठेपणा असा की, शोधाची वाट जेव्हा त्याच्या इच्छेविरुद्ध वळली तेव्हा तो तिच्याबरोबर वळला. परदेशी मरण पावलेल्या मित्राचे सत्य शोधणे हे मैत्रीचे काम आहे खरे. पण ते सत्य मित्राच्या विरुद्ध गेले तर ते पाहण्यास डोळे उघडे ठेवणे हेही त्याच मैत्रीचे, आणि अधिक कठीण असे काम आहे. मित्राला आपण जवळून ओळखतो. त्याच्या हातून ज्यांचे घर बुडाले त्यांना आपण ओळखत नाही. आपल्यापासून ते दूर असतात, म्हणून लहान दिसतात. न्याय म्हणजे दुसरे तिसरे काही नसून त्या चक्राच्या डब्यातून खाली उतरणे आणि त्या ठिपक्यांपाशी जाऊन त्यांचे चेहरे पाहणे, एवढेच आहे.